अब्बांचं फुकट कॅलेंडर

रमजान लागायच्या आठवडाभर आधीपासून आमच्या फ्रीजवर कागद जमायला लागतात. सेहरी-इफ्तारचं टाइम टेबल. एक मशिदीबाहेर जुम्याच्या नमाजनंतर हातात पडलेलं, त्यावर उमरा टूरवाल्याची जाहिरात. दुसरं एका बिल्डरचं, त्यावर वन बीएचकेचा नकाशा. तिसरं निवडणुकीला उभं राहू इच्छिणाऱ्या एका साहेबांचं, त्यात वेळा बारीक आणि साहेब मोठे. सगळ्यांवर वेळा जवळपास त्याच असतात. खाली बारीक अक्षरांत भिवंडीसाठी किती मिनिटं, पुण्यासाठी किती मिनिटं कमी-जास्त करायची तेही असतं.

या वर्षी चौथं कार्ड आलं आमच्या बिल्डिंगखालच्या मेडिकलवाल्याकडून. तो मुसलमान नाही. अम्मीच्या बीपीच्या गोळ्या घ्यायला गेले होते, तर त्याने गोळ्यांच्या पिशवीत कार्ड सरकवलं आणि म्हणाला, "मॅडम, यंदा आम्हीपण छापलं. वेळा बरोबर आहेत ना, बघा जरा."

वेळा बरोबर होत्या. दुकानाचं नाव मराठीत होतं, इंग्रजीत होतं. माझी नजर सवयीने तिसरी ओळ शोधत होती. उर्दूची. ती नव्हती. तोंडाशी आलेलं वाक्य मी गिळलं, "छान आहे" म्हटलं आणि वर आले.

ते वाक्य मी का गिळलं याचा विचार करता करता मला अब्बांचं कॅलेंडर आठवलं. म्हणून हे लिहायला बसले.

फुकट मिळालेली वस्तू आपल्याला फार खोल आठवते. विकत घेतलेल्या किती गोष्टी विसरलो, पण टूथपेस्टच्या खोक्यातून निघालेला चिमुकला हत्ती आठवतो. अब्बांच्या धाकट्या भावाकडे, म्हणजे माझ्या चाचांकडे, पेपरमिंटच्या जुन्या डब्यात अशी प्लॅस्टिकची जनावरं होती. बिनाका टूथपेस्टसोबत मिळणारी. जिराफ, ससा, उंट. एकेक नखाएवढं. दादी ती नमाजच्या खोलीत ठेवू द्यायची नाही. जिवंत प्राण्यांची मूरत म्हणून ती डबा उचलून स्वयंपाकघरात ठेवायची, आणि चाचा रात्री तो परत आणायचे. चाचा सांगायचे की पेस्ट संपायच्या आधीच नवं खोकं यावं म्हणून ते दिवसातून तीनदा दात घासायचे. कंपनीला आणखी काय हवं होतं!

या बिनाकाची दुसरी फुकट भेट तर साऱ्या देशाला मिळाली. १९५२ साली बी. व्ही. केसकर माहिती आणि प्रसारण मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार झाली. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. आपल्या रेडिओवर तेव्हा जाहिरातींना जागा नव्हती. विविध भारतीवर त्या आल्या १९६७ मध्ये. म्हणजे एका टूथपेस्टच्या पैशाने, शेजारच्या देशातून, आपलीच गाणी आपल्याला ऐकायला मिळत होती. बुधवारी रात्री आठला लोक रेडिओभोवती बसायचे. गाणी फुकट, मधेमधे पेस्टचं नाव.

तो आवाज होता अमीन सयानींचा. त्यांच्याबद्दलची एक गोष्ट मी माझ्या वर्गात दरवर्षी सांगते. त्यांची आई कुलसुम सयानी मुंबईत प्रौढ साक्षरतेचं काम करायच्या. गांधीजींच्या सांगण्यावरून त्यांनी 'रहबर' नावाचं पत्र काढलं. भाषा एकच, सोपी हिंदुस्तानी. लिप्या तीन, उर्दू, नागरी आणि गुजराती. छोटा अमीन आईला त्यात मदत करायचा. साधं बोलायला आपण तिथे शिकलो, असं ते स्वतः सांगत. देशातला सगळ्यात ओळखीचा जाहिरातवाला आवाज तीन लिप्यांच्या त्या छोट्या पत्रात घडला. २०२४ च्या फेब्रुवारीत ते गेले तेव्हा मी मुलांना फळ्यावर एकच वाक्य तिन्ही लिप्यांत लिहून दाखवलं. गुजराती लिहिताना माझी दोन अक्षरं चुकली, ती एका मुलाने दुरुस्त केली. त्याच्या वडिलांचं गुजराती मालकाकडे काम आहे.

आमच्या वेळी बिनाकाचे प्राणी संपत आले होते. आमचं वेड बबलगमचं. १९८७ च्या रिलायन्स कपच्या सुमारास बिग फनच्या कागदावर क्रिकेटपटू आणि रन असायचे. रन जमवायचे, अदलाबदल करायची. माझा भाऊ गम न खाता नुसता कागद काढून घ्यायचा आणि गम मला द्यायचा. पुढे १९९९ च्या वर्ल्ड कपला ब्रिटानियाने हाच खेळ मोठा केला. बिस्किटाच्या पुड्यावर रन, शंभर रन झाले की एक पुस्तिका, ती खरवडून नशीब बघायचं आणि इंग्लंडला जायचं. आमच्या घरातून कोणी इंग्लंडला गेलं नाही. बिस्किटं मात्र आम्ही महिनाभर खाल्ली.

हे सगळं कुठून आलं, हे मी बीएडनंतर एका प्रकल्पासाठी वाचलं. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात कोशॉक्टन नावाचं छोटं गाव आहे. तिथे जॅस्पर मीक नावाचा छापखानेवाला होता. १८८० च्या दशकात एकदा त्याने बघितलं, की शाळेतून येणाऱ्या मुलीच्या हातून पुस्तकं चिखलात पडली. त्याने ओळखीच्या चप्पल-बुटांच्या दुकानदाराला गाठलं. पोत्याच्या कापडाची दप्तरं शिवू, त्यावर 'कॅन्टवेलचे बूट घ्या' असं छापू आणि गावातल्या मुलांना फुकट देऊ. दप्तरं गावभर फिरली. जाहिरातीच्या वस्तू वाटण्याच्या धंद्याची सुरुवात तिथली लोक या दप्तरापासून सांगतात. दुसरा माणूस शिकागोचा रिगली. १८९१ मध्ये तो साबण विकायचा आणि सोबत बेकिंग पावडर फुकट द्यायचा. लोकांना पावडर जास्त आवडली, म्हणून तो पावडर विकायला लागला आणि सोबत च्युइंगम फुकट द्यायला लागला. मग लोकांना च्युइंगम आवडलं. पुढचं सांगायला नको.

दप्तराची गोष्ट मी मुलांना सांगितली तेव्हा त्यांनी लगेच आपापली दप्तरं उलटी केली. एकावर सिमेंट कंपनीचं नाव, एकावर क्लासचं, दोघांकडे एकाच पुढाऱ्याचा फोटो असलेल्या वह्या. मी फळ्यावर तीन प्रश्न लिहिले. ही वस्तू तुला कोणी दिली? तिचे पैसे कोणी भरले? त्याला तुझ्याकडून काय हवंय? तिसऱ्या प्रश्नाला एका मुलीने उत्तर दिलं, "मॅडम, त्याला आमच्या घरात यायचंय."

मला वाटतं जाहिरातीवरचं अख्खं पुस्तक या उत्तरात मावतं. पेपरातली जाहिरात वाचून आपण पान उलटतो. १७८० मध्ये कलकत्त्यात निघालेल्या हिकीच्या पेपराच्या नावातच 'अ‍ॅडव्हर्टायझर' हा शब्द होता, इतकं वर्तमानपत्र आणि जाहिरात यांचं नातं जुनं. पण पेपर वाचता येणाऱ्यालाच उपयोगी, आणि दुसऱ्या दिवशी त्याची रद्दी. फुकटची वस्तू घरात येते आणि राहते. त्यातही वर्षभर भिंतीवर राहणारी वस्तू म्हणजे कॅलेंडर.

आपल्याकडे या कॅलेंडराचा जन्म मोठा मजेशीर आहे. मँचेस्टरहून कापड यायचं तेव्हा ताग्यावर रंगीत लेबल चिकटवलेलं असायचं. वाचता न येणाऱ्या गिऱ्हाइकाने चित्र बघून माल ओळखावा. त्या लेबलांवर देव होते, राजे होते, नवाब होते. म्हणजे माल इंग्लंडचा आणि चेहरा आपला. १८९४ मध्ये राजा रविवर्म्यांनी गिरगावात छापखाना काढला, तो पुढे मळवलीला गेला, आणि देवांची रंगीत चित्रं सामान्य माणसाच्या भिंतीवर आली. कंपन्यांनी बघितलं की भिंतीवर जागा आहे. मग चित्राखाली तारखा आणि तारखांच्या जवळ आपलं नाव. कोल्हापूरचे चित्रकार एम. व्ही. धुरंधर यांनी १९२८ साली ग्राइप वॉटरच्या कॅलेंडरसाठी बाळकृष्ण काढला. १९३४ च्या सनलाइट साबणाच्या कॅलेंडरवर विष्णू आकाशातून सूर्यप्रकाश घेऊन येतो. ही चित्रं दहावीच्या इतिहासाच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात छापलेली आहेत, कोणीही बघू शकतं. पुढे मराठी घरांत रघुवीर मुळगावकर आणि दीनानाथ दलाल यांची चित्रं याच वाटेने पोचली.

आणि आमच्या घरांत? मक्का-मदिना, बुराक, अजमेर, हाजी अली, हाजी मलंग. यूसुफ सईद यांनी या चित्रांवर 'मुस्लिम डिव्होशनल आर्ट इन इंडिया' हे पुस्तक लिहिलं आहे. त्यातून कळतं की ही चित्रं छापणारे आणि विकणारे बरेच प्रकाशक हिंदू होते, आणि काही मुसलमान चित्रकार हिंदू देवही काढायचे. बाजाराला सगळेच गिऱ्हाईक. मला यात काही भाबडं वाटत नाही. धंदा म्हणून का होईना, समोरच्याच्या भिंतीवर काय शोभेल याचा विचार एक माणूस दुसऱ्यासाठी करत होता.

हा विचार मी घरीच बघितला आहे. अब्बांचं वसईत किराणा दुकान होतं, पापडीच्या बाजाराच्या रस्त्याला. छोटं. एक काटा, एक गल्ला, बरण्यांची रांग आणि उधारीची लांब वही. गिऱ्हाईक सगळं. वाडवळ, कुपारी ख्रिश्चन, कोळी, आगरी, आपले लोक, शुक्रवारच्या बाजाराला आलेले आदिवासी. सगळे त्यांना चाचा म्हणायचे, अगदी त्यांच्याहून म्हातारी माणसंसुद्धा.

दसऱ्याच्या सुमारास कॅलेंडरचा एजंट यायचा. त्याच्याकडे जाडजूड अल्बम असायचा, त्यात पुढच्या वर्षीची चित्रं. चित्रं शिवकाशीला छापलेली, खाली नावासाठी कोरी जागा. आपण चित्र निवडायचं, आगाऊ रक्कम द्यायची, मग इथल्या छापखान्यात त्या कोऱ्या जागेत दुकानाचं नाव छापून आणि तारखांचा गठ्ठा टाचून डिसेंबरात बंडल यायचं. त्यामुळे आमच्या दुकानाचं आणि गिरणीवाल्याचं चित्र कधी कधी एकच निघायचं, फक्त नाव वेगळं.

चित्र निवडायची रात्र आमच्या घरी सणासारखी असायची. अल्बम एका रात्रीसाठी घरी यायचा. मला लहान बाळ हवं असायचं, भावाला विमान. अब्बा पानं उलटत राहायचे. लक्ष्मीचं चित्र छान असायचं, पण आपले लोक लावणार नाहीत. काबाशरीफ घेतलं तर बाकीच्यांचं काय? येशूचं घेतलं तर दोन्हीकडचे राहिले. तीन वेगळी चित्रं परवडत नव्हती, कारण एका चित्राची निदान शंभर घ्यावी लागायची. शिवाय अब्बांची एक मोठी अडचण होती. "वर्ष संपल्यावर लोक कॅलेंडरचं काय करणार? रद्दीत टाकणार, नाहीतर फडताळात अंथरणार. त्यावर काबा असला तर? कोणाचा देव असला तर? गुनाह माझ्या खाती."

म्हणून दरवर्षी निसर्ग. बर्फाचा डोंगर, लाकडी घर, तळं, तळ्यात बदकं. आम्ही कंटाळायचो. अख्ख्या पापडीत कोणी न बघितलेला बर्फ आमच्या नावाने घरोघर लटकायचा. आज कळतं की अब्बांनी तो डोंगर किती विचाराने निवडला होता. कोणाच्याही भिंतीला चालेल असा.

नाव मराठीत छापलेलं असायचं. अम्मीचं म्हणणं होतं की खाली उर्दूतही असावं. मी उर्दू शाळेत जात होते. मला वाचायला उर्दू मिळावं म्हणून अम्मी कुठून कुठून उर्दू दाखवायची. नोटेवरच्या भाषांच्या पट्टीत सगळ्यात खालची ओळ उर्दू असते, ती मी वयाच्या सहाव्या वर्षी वाचली आणि अब्बांनी मला ती नोटच देऊन टाकली. १९९२ च्या दसऱ्याला अब्बा अम्मीचं ऐकून तयार झाले. तेव्हा आपल्या छोट्या छापखान्यांत उर्दूचे खिळे नसायचे. एजंटने मुंबईत भेंडीबाजारातल्या एका कातिबाकडून दुकानाचं नाव लिहून घेतलं आणि त्याचा ब्लॉक केला. त्याचे वेगळे पैसे पडले. मी बारा वर्षांची होते आणि मैत्रिणींना सांगत सुटले होते की आमचं नाव आता उर्दूत येणार.

बंडल आलं डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. दीडशे कॅलेंडरं. तळं, बदकं, त्याखाली मराठी, त्याखाली कातिबाच्या हातची वळणदार ओळ. अब्बांनी एक बाहेर काढून दुकानात लावलं. बाकीची ख्रिसमसपासून वाटायची, असं ठरलेलं.

मग ६ डिसेंबर झाला.

आमच्या आळीत काही घडलं नाही, हे आधी सांगते. पण मुंबई लोकलने तासाभरावर आहे आणि लोकलने नुसती माणसं येत नाहीत. अफवा येत होत्या, कोणाच्या नातेवाइकांची बातमी येत होती. चाचा तेव्हा मुंबईत कामाला होते, ते कामावर जायचे थांबले. अब्बांनी दुकानात लावलेलं एक कॅलेंडरही उतरवलं. दुकान अर्ध्या शटरने चालू राहिलं. दीडशेचं बंडल फळीखाली, गुळाच्या ढेपांच्या मागे सरकवलेलं. ख्रिसमस गेला, एक जानेवारी गेली. मुंबईत जानेवारीत पुन्हा सुरू झालं.

मी एकदा विचारलं, "अब्बा, कॅलेंडर कधी वाटायची?"

त्यांनी दिलेलं उत्तर मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. ते म्हणाले, "बेटा, कॅलेंडर दिलं की समोरच्याला ते लावावं लागतं, नाहीतर नाही लावलं असं होतं. आज कशाला कोणाला परीक्षेत टाकायचं?"

त्यांना भीती नव्हती असं मी म्हणणार नाही. नक्कीच होती. पण मार खाण्याच्या भीतीपेक्षा ही वेगळी होती. वीस वर्षांच्या गिऱ्हाइकाने कॅलेंडर हातात घेताना खालचं नाव बघून थबकू नये, आणि आपल्याला ते थबकणं दिसू नये, अशी ती भीती. फुकटची वस्तू देणाऱ्याला घरात यायचं असतं. आपण घरात यावं असं कोणाला वाटतंय का, हे विचारायची अब्बांची हिंमत होत नव्हती.

जानेवारीच्या शेवटी एका सकाळी कोळीवाड्यातल्या एक मावशी आल्या. नेहमीच्या. मी शाळेला सुट्टी म्हणून दुकानात बसले होते. त्यांनी तेल, तूरडाळ, चहा पावडर घेतली. पैसे दिले. मग उभ्याच राहिल्या.

"चाचा, यंदा कॅलेंडर नाय काढलं?"

अब्बा वहीत बघत म्हणाले, "काढलं होतं. राहून गेलं."

"राहून कसं गेलं? माझा खिळा रिकामा हाय दोन महिने. दुधाचा हिशोब कुठं लिवायचा?"

अब्बा काही बोलले नाहीत. खाली वाकले, फळीखालून बंडल ओढलं, सुतळी सोडली. वरचं कॅलेंडर काढलं. त्यावरचं जानेवारीचं पान फाडलं, कारण महिना संपतच आला होता, आणि गुंडाळी करून मावशींच्या पिशवीत ठेवलं. मावशींनी ती बाहेर काढून उघडली, चित्र बघितलं. "यंदा बदकं हायत," एवढंच म्हणाल्या. उर्दू ओळीबद्दल काहीही नाही. त्यांना तिच्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना खिळा भरायचा होता.

त्यानंतर लोक येत गेले. बहुतेक मावशींनीच सांगितलं असणार. प्रत्येकाला अब्बा जानेवारी फाडून द्यायचे. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत शंभराच्या वर गेली. सगळे आले असं मात्र मी लिहिणार नाही. काही जुनी गिऱ्हाइकं आली नाहीत, आणि त्यातली दोन पुढे कायमची दुसऱ्या दुकानात गेली. अब्बांनी त्यांची नावं कधी काढली नाहीत. उधारी मात्र त्यांनी पूर्ण फेडली होती, एवढं अब्बा आवर्जून सांगायचे.

उरलेल्या कॅलेंडरांच्या पाठच्या गुळगुळीत कोऱ्या कागदाची आम्ही वह्यांना कव्हरं घातली. सातवीचं अख्खं वर्ष माझ्या गणिताच्या वहीच्या आत अब्बांच्या दुकानाचं नाव उर्दूत होतं, उलटं. एक कॅलेंडर अजून माझ्या कपाटात आहे, जानेवारीच्या पानासकट.

पुढच्या वर्षी एजंट आला तेव्हा अब्बांनी पुन्हा बर्फाचा डोंगर निवडला. उर्दूचा ब्लॉक एजंटकडे होता, तो वापरायचे पैसे पडणार नव्हते. तरी अब्बा म्हणाले, "एका भाषेत पुरे." अम्मी गप्प बसली. त्यानंतर अब्बांनी दुकान बंद करेपर्यंत उर्दू ओळ आली नाही. मावशी आल्या होत्या, शंभर जण आले होते, तरी आली नाही. या गोष्टीचा विचार मी अजून करते. रिकामा खिळा भरला गेला, पण मनात काहीतरी आकसलं ते आकसलेलंच राहिलं.

आता दुकानांची कॅलेंडरं कमी झाली. आमच्या घरी तेव्हाही कालनिर्णय विकत यायचं. १९७३ मध्ये जयंतराव साळगावकरांनी ते काढलं, आणि फुकट मिळणाऱ्या वस्तूसाठी लोक पैसे मोजतील हे त्यांनी सिद्ध करून दाखवलं. अम्मी त्यावर दूध, गॅस आणि पाळीच्या तारखा लिहायची. त्यात ईदची छापलेली तारीख असायची, आणि चांद एक दिवस इकडेतिकडे झाला की अम्मी पेनाने बाण काढून ती दुरुस्त करायची. छापलेली ईद आणि दिसलेली ईद. ते काम आता मोबाइल करतो. पण सेहरीच्या टाइम टेबलची कार्डं मात्र थांबली नाहीत. मोबाइलमध्ये सगळ्या वेळा असून आम्ही ती फ्रीजवर लावतोच.

तर मेडिकलवाल्याच्या कार्डाकडे परत येते. मी जे वाक्य गिळलं ते एवढंच होतं, की "उर्दूतही नाव टाकलं असतं तर बरं दिसलं असतं." का गिळलं? त्याच्या दुकानात सगळं गिऱ्हाईक येतं. काउंटरवर उर्दू ओळीचं कार्ड बघून कोणी काही बोललं तर? त्याचं नुकसान झालं तर? कशाला त्याला परीक्षेत टाकायचं? मी घरात येऊन चहा ठेवला आणि मग लक्षात आलं, की हे वाक्य माझं नाही. ते अब्बांचं आहे. तेहेतीस वर्षं झाली, आणि मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, पगार घेते त्याचा. वर्गात मुलांना तीन लिप्या लिहून दाखवते आणि बिल्डिंगखाली एका ओळीचं सुचवताना माझी जीभ अडकते.

दुसऱ्या दिवशी मी खाली गेले. खोकल्याचं औषध घ्यायचं निमित्त केलं. आणि म्हणाले, "कार्ड छान झालंय. उर्दूत नाव नाही टाकलं?"

तो म्हणाला, "टाकायचं होतं हो मॅडम. पण लिहून कोण देणार? गूगलवर बघितलं तर छापणारा म्हणाला, अक्षरं सुटी सुटी येतायत, चुकीचं दिसतंय. चुकीचं छापण्यापेक्षा नको म्हटलं."

म्हणजे त्याचं कारण एवढं साधं होतं. मी मनात त्याचं अख्खं गिऱ्हाईक उभं करून त्याच्या वतीने घाबरले होते. कदाचित एखादा बोलेलही काही, नाही असं नाही. पण ते त्याने ठरवायचं, मी आधीच ठरवून टाकलं होतं.

मी काउंटरवरच्या बिलाच्या पाठीमागे त्याच्या दुकानाचं नाव उर्दूत लिहिलं. कातिबासारखं नाही जमलं, पण वळण बरं आलं. त्याने कागद उलटासुलटा करून बघितला, विचारलं, "हे उजवीकडून ना?" मी हो म्हटलं. मग त्याने तो मोबाइलच्या कॅमेऱ्यात घेतला आणि मूळ कागद घडी करून गल्ल्यात ठेवला.

"पुढच्या रमजानला," म्हणाला.

पुढच्या रमजानला अजून बरेच महिने आहेत. तोवर त्याचा विचार बदलू शकतो, कागद हरवू शकतो, छापणारा पुन्हा गोंधळ करू शकतो. छापायच्या आधी एकदा मला दाखवा, असं मी त्याला सांगून ठेवलं आहे.